खाऱ्या पाण्यातल्या माशाचा आजार कसा ओळखावा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत एखादा मासा मलूल दिसला की पहिला हात औषधाच्या बाटलीकडे जातो, आणि बरेच मासे तिथेच हातचे जातात. तांब्याचं औषध पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आणि वेल्वेटवर (अंगावर पिठूळ धूळ आणणारा परजीवी) चालतं, पण ब्रुकलिनेलावर (त्वचेवर बुळबुळीत थर आणणारा परजीवी) त्याचा काही उपयोग होत नाही. पाण्याची क्षारता (खारेपणा) उतरवली की पांढरे ठिपके जातात, वेल्वेट मात्र त्याच पाण्यात सुखाने वाढतो. प्राझिक्वांटेल हे औषध कृमींना मारतं, बाकी कुणाला नाही. हे आजार पहिल्या दिवशी बरेचसे सारखे दिसतात. वेल्वेट किंवा ब्रुकलिनेला असेल तर मासा मरायला दोन-तीन दिवस पुरतात, आणि चुकीचं औषध टाकलं की नेमके तेच दिवस वाया जातात.

म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा: पाणी, टाकीत अलीकडे काय बदललं ते, श्वास, वागणं आणि त्यानंतर त्वचा. बहुतेक जण त्वचेपासून सुरुवात करतात, कारण ठिपके लगेच डोळ्यात भरतात. पण जीवघेणे परजीवी आधी कल्ल्यांमध्ये शिरतात. त्वचेवर काही उमटेपर्यंत मासा कधी कधी जिवंतही राहत नाही.

आधी पाणी

काहीही तपासण्याआधी टाकीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा किंवा पंपाचं तोंड वर वळवून पृष्ठभाग हलता ठेवा. कुठल्याही आजारात याने नुकसान होत नाही. २५ अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात प्राणवायू जेमतेम ६.७ मिलीग्रॅम प्रति लिटर मावतो, गोड्या पाण्यात तो ८.२ च्या आसपास मावतो. म्हणजे निरोगी टाकीतही हाताशी शिल्लक थोडीच असते, आणि कल्ले बिघडलेल्या माशाला ती पुरत नाही.

मग तापमान, सापेक्ष घनता (पाण्यातल्या मिठाचं माप), अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा. तापमान २४ ते २७ अंश, घनता १.०२३ ते १.०२६, पीएच ८.० ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, हे अपेक्षित आकडे. तापमान दुसऱ्या थर्मामीटरने पडताळा; हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. काटा हलणाऱ्या हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटले की तो घनता जास्त दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजणारं साधन) असेल तर तो फक्त शुद्ध पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ भाग प्रति हजार क्षारतेच्या द्रावणावर जुळवून घ्या. क्षारता उतरवण्याचा उपचार पुढे करायची वेळ आली तर सगळी भिस्त याच आकड्यावर असते.

अमोनिया ०.२५ मिलीग्रॅम प्रति लिटर दिसला तरी तो किरकोळ समजू नका. पीएच ८.२ च्या आसपास अमोनियाचा विषारी भाग ७ पीएचच्या तुलनेत दहापटीहून जास्त असतो. अमोनिया बांधून ठेवणारं रसायन टाकलं असेल तर बहुतेक टेस्ट किट बांधलेला अमोनियाही मोजतात, त्यामुळे आकडा लगेच उतरत नाही. नायट्राइटचं उलट आहे. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे थोड्या नायट्राइटने मासे मरत नाहीत. मात्र तो दिसला म्हणजे फिल्टरमधल्या जिवाणूंचं काहीतरी बिनसलं आहे हे नक्की. नायट्रेट २० मिलीग्रॅम प्रति लिटर असो की ५०, कालपर्यंत ठणठणीत असलेला मासा आज धापा टाकतो याचं कारण ते नव्हे.

याच वेळी कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांकडे नजर टाका. निदानाची ही सर्वात स्वस्त खूण आहे आणि तीच सर्वात जास्त दुर्लक्षित राहते. मासे आणि अपृष्ठवंशी जीव दोन्ही एकदम कोलमडले, तर कारण पाण्यात शोधा: प्राणवायू, तापमान, तांबं, खोलीत मारलेला कीटकनाशकाचा फवारा, साबणाचा हात. कोळंबी नेहमीसारखी फिरते आहे, प्रवाळ उघडे आहेत आणि फक्त मासे धापा टाकत आहेत, तर संशय परजीवींवर घ्या. सगळे मासे पहाटे पृष्ठभागावर येतात आणि दिवे लागल्यावर तासाभरात सावरतात, असं असेल तर रात्री प्राणवायू कमी पडतो आहे.

गेल्या महिन्यात टाकीत काय आलं

नवा मासा आल्यापासून दोन-तीन आठवड्यांत काही बिघडलं तर परजीवी गृहीत धरून चाला. पण नव्यात फक्त मासा मोजू नका. प्रवाळाचा तुकडा, खडक, गोगलगाईचं कवच, दुसऱ्या टाकीतून आणलेली जाळी, पिशवीतलं पाणी, सगळं धरा. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीची पुटी (टणक कवचातली अवस्था) अशाच टणक पृष्ठभागावर चिकटून येते. महिनोन्‌महिने काहीही नवं न आलेल्या टाकीत एकच मासा खंगतो आहे, तर मारामारी, खाणं, वय किंवा जुना अंतर्गत आजार यांचा विचार आधी करा. किती मासे आणि किती वेगाने, हेही लिहून ठेवा. तासांत सगळे म्हणजे पाणी. दोन-चार दिवसांत एकामागून एक म्हणजे वेल्वेट किंवा ब्रुकलिनेला. आठवड्यांच्या अंतराने कमी-जास्त होणारा त्रास म्हणजे बहुधा पांढरे ठिपके किंवा कृमी.

श्वास मोजणं

दिवे लागून अर्धा तास झालेला असावा, खाणं नुकतंच दिलेलं नसावं आणि कुणी माशाच्या मागे लागलेलं नसावं. अशा वेळी कल्ल्याचं झाकण १५ सेकंदांत किती वेळा उघडतं ते मोजा आणि चारने गुणा. तीनदा मोजून मधला आकडा धरा. जातीनुसार हा आकडा बदलतो आणि लहान मासे मुळातच जलद श्वास घेतात, म्हणून एकच आदर्श आकडा सांगण्यात अर्थ नाही. मासा निरोगी असतानाचा त्याचा आकडा वहीत असणं हाच खरा उपाय. तो नसेल तर त्याच जातीच्या, त्याच आकाराच्या माशाशी तुलना करा. शांत बसलेल्या मोठ्या माशाचा श्वास मिनिटाला शंभराच्या वर राहत असेल तर उद्यापर्यंत थांबू नका.

मासा कुठे उभा आहे तेही पाहा. पंपाच्या झोतात तोंड खुपसून उभा राहणारा, उजेड टाळणारा आणि खाणं सोडलेला मासा दिसला, तर अंगावर एकही ठिपका नसला तरी वेल्वेट हा पहिला संशय. एकाच बाजूचा कल्ला हलतो आणि दुसरा मिटलेला राहतो, हे कल्ल्यांतल्या कृमींचं किंवा त्या बाजूच्या इजेचं लक्षण. वारंवार जांभई दिल्यासारखं तोंड उघडणं आणि डोकं झटकणं हेही कृमींकडे बोट दाखवतं.

वागणं, आणि आजार नसलेले आजार

खडकावर अंग घासणं म्हणजे त्वचेला काहीतरी टोचतं आहे, एवढंच सिद्ध होतं. दिवसातून एकदा-दोनदा घासणारा, नीट खाणारा मासा आठवडाभर फक्त पाहत राहा. तासाला अनेकदा घासत असेल तर तपासणी पुढे न्या.

काही गोष्टींनी उगाच घाबरगुंडी उडते. टँग आणि इतर अनेक मासे रात्री फिके पडतात किंवा अंगावर डाग आणतात, आणि दिवे लागल्यावर थोड्या वेळात पूर्ववत होतात. अनेक रास जातीचे मासे वाळूत पुरून झोपतात, काही स्वतःभोवती चिकट कोश विणतात. परांवर चिकटलेले वाळूचे कण आणि बारीक बुडबुडे हुबेहूब पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात, पण तासाभराने जागा बदललेली असते. प्रवाळात किंवा समुद्रफुलात मुक्काम ठोकणाऱ्या क्लाउनफिशच्या अंगावर काळपट डाग उमटतात. ती डंखांवरची रंगद्रव्याची प्रतिक्रिया असते आणि तिला औषध लागत नाही.

त्वचा

खोली अंधारी करा, टाकीचे दिवे बंद करा आणि टॉर्चचा झोत माशावर तिरका सोडा. समोरून प्रकाश टाकला तर बारीक धूळ दिसतच नाही. मासा तुमच्याकडे तोंड करून येतो तेव्हा पाठीच्या रेषेवर नजर ठेवा. मोबाइलवर व्हिडिओ घेऊन तो थांबवत पाहणं डोळ्यांपेक्षा भरवशाचं. रोज त्याच वेळी, त्याच बाजूचा फोटो घ्या, कारण एका फोटोपेक्षा दोन दिवसांतला फरक जास्त सांगतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. मिठाच्या कणाएवढे, किंचित उठावदार, वेगवेगळे ठिपके. ते मोजता येतात. परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली तीन ते सात दिवस पोसतो, मग सहसा अंधारात गळून पडतो आणि खडकावर पुटी करतो. पुटीतून नवे जीव बाहेर यायला काही दिवसांपासून अनेक आठवडे लागतात. म्हणूनच ठिपके एका सकाळी नाहीसे होतात, मालक निःश्वास सोडतो आणि मग ते दुपटीने परततात. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं या रोगात कधीही धरू नये.

वेल्वेट, म्हणजे अमिलूडिनियम ओसेलॅटम. पिठूळ, सोनेरी-करडी धूळ अंगावर भुरभुरल्यासारखी, आणि ती मोजता येत नाही. धूळ दिसते तेव्हा कल्ले आधीच भरलेले असतात. एका परजीवीपासून २५६ पर्यंत पोहणारे जीव तयार होतात आणि उबदार पाण्यात सगळं चक्र आठवड्याभरात पुरं होतं, हे त्याच्या वेगाचं कारण. श्वास प्रचंड वाढलेला आणि ठिपके तुरळक, असा मेळ बसत नसेल तर पांढऱ्या ठिपक्यांचं निदान पुन्हा तपासा.

ब्रुकलिनेला. नव्याने आलेला क्लाउनफिश, त्यातही समुद्रातून पकडलेला, अंगावर करडा-पांढरा बुळबुळीत थर, त्याचे पापुद्रे सुटून लोंबणारे, श्वास जलद. इतर माशांनाही हा होतो. यात ठिपके नसतात, चट्टे असतात. हा परजीवी माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो, पुटीसाठी थांबत नाही, त्यामुळे मधली उसंत मिळत नाही.

कृमी, म्हणजे फ्लूक. पारदर्शक असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत. घासणं, डोकं झटकणं आणि डोळ्यावर धूसर पडदा एकत्र दिसले तर पुढच्या भागातली डुबकी करा.

युरोनेमा. क्रोमिस आणि अँथियास या जातींच्या माशांच्या कुशीवर मुक्या मारासारखा लाल डाग, जो पुढे उघडी जखम होतो. हा परजीवी स्नायूंत खोल शिरतो आणि माशाशिवायही गाळात जगू शकतो. टाकी रिकामी ठेवून तो जात नाही, आणि खोल गेलेल्या जखमेवर बाहेरून दिलेल्या औषधाचा फारसा भरवसा नाही.

बाकीचे थोडक्यात. परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या पांढऱ्या गाठी, ज्या आठवडेच्या आठवडे त्याच जागी राहतात, त्या लिम्फोसिस्टिसच्या. तो विषाणू आहे, औषध नाही, चांगलं खाणं आणि शांत टाकी मिळाली की बहुधा आपोआप जातो. पिवळ्या टँगवर खसखशीसारखे काळे कण म्हणजे एका वेगळ्या प्रकारचे चपटे कृमी. एकच डोळा सुजला असेल तर मार लागला असण्याची शक्यता जास्त, दोन्ही सुजले तर संसर्ग. कडेने कुजणारे पर आणि लाल व्रण जिवाणूंचे. हे जिवाणू बरेचदा परजीवीने केलेल्या जखमेत शिरतात, म्हणून व्रण दिसला तरी परजीवीचा शोध सोडू नका. टँग आणि एंजलफिशच्या डोक्यावर आणि पार्श्वरेषेवर (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदनरेषेवर) हळूहळू पडणारे खड्डे संसर्गाचे नसतात. सक्रिय कोळशाची बारीक पूड पाण्यात फिरत राहिली की असे खड्डे पडतात हे प्रयोगात दिसलं आहे, तेव्हा कोळसा थांबवा आणि आहार सुधारा. भरपूर खाऊनही पाठ वरून खोलगट होत जाणारा मासा आतल्या कृमींचा किंवा मायकोबॅक्टेरियम या जिवाणूचा संशयित. पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा मात्र उपाशी माशाचीही असते, तेवढ्यावर कृमींचं निदान करू नये.

गोड्या पाण्यातली डुबकी

ही एकाच वेळी चाचणी आणि तात्पुरता आराम आहे. आरओचं किंवा क्लोरीन काढलेलं गोडं पाणी एका गडद तळाच्या भांड्यात घ्या. तापमान टाकीच्या एका अंशाच्या आत आणा. चिमूट-चिमूट खायचा सोडा घालून पीएच टाकीशी जुळवा आणि अर्धा तास जोरात हवा सोडा. पीएच न जुळवलेल्या डुबकीत मासे दगावतात, आणि मग दोष डुबकीला दिला जातो.

मासा सोडल्यावर पहिल्या मिनिटात तो आडवा पडणं किंवा सैरभैर पळणं अपेक्षित आहे. कल्ले हलायचे थांबले किंवा स्पर्शाला दाद देईना, तर तत्क्षणी बाहेर काढा. एरवी पाच मिनिटं पुरे. कृमी गोड्या पाण्यात पांढुरके, अपारदर्शक होतात आणि दोन ते पाच मिलिमीटरच्या चपट्या तिळांसारखे तळाशी पडतात, म्हणून तळ गडद हवा. पाणी फेकण्याआधी भिंगाने पाहा. वेल्वेटचे काही परजीवी सुटतात आणि श्वास थोडा सैल होतो. पांढऱ्या ठिपक्यांवर परिणाम होत नाही, कारण तो परजीवी त्वचेखाली बसलेला असतो. उघडे व्रण असलेल्या किंवा उलटा पडलेल्या माशाला डुबकी देऊ नका. नंतर मासा मूळ टाकीत परत न सोडता वेगळ्या उपचार टाकीत ठेवा.

खरवड आणि सूक्ष्मदर्शक

४० आणि १०० पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, आणि शंका एका मिनिटात मिटवणारं याच्यासारखं दुसरं साधन नाही. मासा ओल्या जाळीत धरा, पुढच्या पराच्या मागे कव्हरस्लिपच्या (स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेच्या) कडेने डोक्याकडून शेपटीकडे हलकेच एकदा खरवडा. उलट दिशेने खरवडलं तर खवले उचकटतात. स्लाइडवर टाकीतल्याच पाण्याचा एक थेंब घ्या. नळाचं पाणी घेतलं तर परजीवी फुटतात. आणि लगेच पाहा.

मोठा, काळपट, सावकाश गोल फिरणारा गोळा म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. हालचाल न करणारा, गडद, पेरूच्या आकाराचा, पेशींना चिकटलेला म्हणजे वेल्वेट. घेवड्याच्या दाण्यासारखा, सरकत जाणारा, कडेला केसाळ म्हणजे ब्रुकलिनेला. लहान, थेंबासारखा आणि सुसाट पळणारा म्हणजे युरोनेमा. आकुंचन-प्रसरण करणारा, मागच्या टोकाला आकडे असलेला म्हणजे कृमी. एका खरवडीत काही सापडलं नाही म्हणून आजार नाही असं होत नाही, विशेषतः परजीवी फक्त कल्ल्यांत असतील किंवा कालच औषध दिलं असेल तर.

मासा मेला तर

त्याच्यातून उरलेल्या माशांना वाचवता येईल अशी माहिती मिळते, पण वेळ कमी असतो. परजीवी मेलेला मासा सोडून जातात, त्यामुळे तासाभरात तपासा. कल्ल्याचं झाकण कापून कल्ल्याच्या तंतूंचा छोटा तुकडा स्लाइडवर घ्या. ताज्या माशाचे कल्ले लाल असावेत. फिकट म्हणजे रक्त कमी, जाड चिकट थर म्हणजे परजीवी किंवा रासायनिक दाह. रात्रभर पडून राहिलेल्या माशाच्या रंगावरून काही ठरवू नका. पशुवैद्यकाकडे पाठवायचा असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका, कारण बर्फाचे स्फटिक ऊती फाडतात. हातमोजे घाला. मायकोबॅक्टेरियम मरिनम माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरतो आणि सहजासहजी बरी न होणारी गाठ करतो. तशी गाठ आली तर डॉक्टरांना टाकीबद्दल आवर्जून सांगा.

निदानानंतर

उपचार टाकी उघडी-बोडकी ठेवा: स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू आणि खडक तांबं शोषून घेतात, आणि तांब्याने मुख्य टाकीतले प्रवाळ, कोळंबी मरतात.

पांढरे ठिपके की वेल्वेट हे ठरत नसेल तर तांबं दोन्हीवर चालतं, म्हणून तेच निवडा. साध्या आयनिक तांब्याची पातळी ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम प्रति लिटर असते. चिलेटेड तांब्याची (दुसऱ्या रसायनात बांधलेल्या तांब्याची) त्याच्या साधारण दहापट असते, म्हणून तुमच्या बाटलीवर कोणता प्रकार आणि कोणती पातळी लिहिली आहे ते वाचून त्याच प्रकाराला चालणारं टेस्ट किट वापरा. मासा सावरता असेल तर पातळी एक-दोन दिवसांत चढवा आणि रोज मोजून ३० दिवस टिकवा. इथे हमखास होणारी चूक अशी: तांबं फक्त पोहणाऱ्या अवस्थेला मारतं, अंगावरच्या नाही. पहिले चार-पाच दिवस ठिपके तसेच राहतात, किंवा वाढतातही. तेव्हा घाबरून मात्रा वाढवली की मासा तांब्याने मरतो. तांबं असताना अमोनिया बांधणारी रसायनंही टाकू नका, काही मिश्रणं घातक होतात. अमोनिया पाणी बदलून उतरवा.

पांढरे ठिपके नक्की असतील आणि तांबं न सोसणारा मासा असेल, तर घनता एक-दोन दिवसांत १.००९ वर आणून किमान चार आठवडे ठेवा. ती जरा वर सरकली तरी उपचार वाया जातो. परत चढवताना मात्र अनेक दिवस घ्या.

ब्रुकलिनेलासाठी ३७ टक्के फॉर्मलिन दर लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिलिटर, वेगळ्या भांड्यात, जोरदार हवेसह, ३० ते ६० मिनिटं. फॉर्मलिन प्राणवायू घटवतं आणि माणसाला कर्करोगकारक आहे, तेव्हा खिडकी उघडी आणि हातमोजे हवेतच. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरू नका. नंतर मासा स्वच्छ टाकीत ठेवा.

कृमींसाठी प्राझिक्वांटेल २ ते २.५ मिलीग्रॅम प्रति लिटर. ते अंड्यांना मारत नाही, म्हणून पाच-सात दिवसांनी दुसरी मात्रा लागतेच.

मुख्य टाकी या काळात एकही मासा न ठेवता चालवायची: पांढऱ्या ठिपक्यांसाठी ७६ दिवस हा सुरक्षित आकडा, वेल्वेटसाठी सहा आठवडे. जाळ्या, नळ्या, बादल्या दोन्ही टाक्यांच्या वेगळ्या ठेवा. वेल्वेटचे पोहणारे जीव हवेतल्या तुषारांबरोबर, वाऱ्याचा झोत असेल तर तीन मीटरपर्यंत पोहोचल्याचं नोंदलेलं आहे. तेव्हा उपचार टाकी त्याहून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत मांडा.